मोटारीतला रेडिओ गुणगुणतो कशाने?

मिक्सर सुरू झाला की रेडिओत खरखर येते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. शेजारणीकडे वाटण चाललं असलं तरी आपल्या रेडिओला कळतं! तेव्हा आपण रेडिओ काही दुरुस्तीला टाकत नाही. पण हाच प्रकार मोटारीत झाला, की आपला धीर सुटतो आणि दुकानदार म्हणेल ती वस्तू आपण बदलत सुटतो. आधी सेट, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर. हजारो रुपये जातात आणि आवाज असतो तिथेच असतो.

उरणच्या भगिनींना हा विषय जरा जास्तच जवळचा वाटेल. मुंबई म्हटलं की मोरा बंदरातून लाँच आणि पलीकडे भाऊचा धक्का, हा पूर्वापारचा रस्ता. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. आता सेतूवरून स्वतः गाडी चालवत मुंबई गाठणाऱ्या बायका उरणात सहज भेटतात. गाडी वापरात आली तशा तिच्या तक्रारीही आल्या, आणि इथल्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथल्या हवेत असतं. समुद्रावरच्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ ओल धरून ठेवतं. खिडकीच्या गजांना आपण पुन्हापुन्हा रंग काढतो तो याचसाठी. लोखंड गंजतं, तांब्याची तार हिरवी पडते. गाडीच्या पत्र्याखाली, गालिच्याखाली हेच चाललेलं असतं. दिसत नाही इतकंच.

याचा गाण्याशी काय संबंध, असं वाटेल. तर तो असा. घरात दिव्याला दोन तारा लागतात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच तार नेतात. वीज परत बॅटरीकडे जाते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. सांगाड्याला जिथे तार जोडतात, त्या जोडाला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. हा जोड गंजला की विजेची परतीची वाट अडते. आता बॉनेटखालच्या अल्टरनेटरकडे पाहा (जुने मिस्त्री त्याला अजून डायनॅमोच म्हणतात). इंजिनाबरोबर तो फिरतो, बॅटरी भरतो आणि गाडीला वीज पुरवतो. त्याची वीज मुळात उलटसुलट वाहणारी. डायोड नावाचे छोटे भाग तिला एका दिशेला वळवतात, पण थोडी थरथर उरतेच. दोन टाक्यांची पातळी सारखी नसली, की मधल्या नळीतून पाणी वाहू लागतं ना? तसं सेटचा अर्थ एका पातळीवर आणि ॲम्प्लिफायरचा दुसऱ्या पातळीवर असला, की ही थरथर दोघांना जोडणाऱ्या गाण्याच्या तारेतून वाहू लागते. ॲम्प्लिफायरला गाणं कुठलं आणि थरथर कुठली हे कळत नाही. तो दोन्ही मोठं करून देतो. मग ऐकू येते ती ऊंऽऽ अशी शीळ. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या गाडीत हेच झालं होतं. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वाशीला न्यावं लागे. म्हातारीची दृष्टी अधू, त्यामुळे वाटेतली भजनं हाच काय तो विरंगुळा. पण त्या शिळेने तिचं डोकं दुखे. ‘बंद कर गं बाई ते,’ म्हणायची, आणि मग दोघी जाता-येता गप्प. एका दुकानात नवा सेट बसवून घेतला, पुढचे दोन्ही स्पीकर बदलले. शीळ कायम! शेवटी एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने खिशात हात घालण्याआधी नुसतं ऐकलं. रेडिओ लावला, पेन ड्राइव्ह लावला, शीळ दोन्हींवर. आवाज पार शून्यावर आणला, तरी शीळ तशीच. म्हणजे बिघाड सेटच्या पुढे, ॲम्प्लिफायरच्या बाजूला. मग डिकीतल्या ॲम्प्लिफायरच्या अर्थला त्यांनी एक जाड तार लावली आणि तिचं दुसरं टोक स्वच्छ पत्र्यावर टेकवलं. शीळ थांबली. डिकीचा गालिचा उचलला तर खाली पावसाचं पाणी मुरलेलं, आणि अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला, वर गंजाचा पापुद्रा. पॉलिश पेपरने रंग आणि गंज खरवडून पत्रा लखलखीत केला, दातेरी वॉशर घालून नवा बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा हात फिरवला. अर्धा तासही लागला नाही.

ही परीक्षा आपल्यालाही घरच्या घरी करता येते. मात्र मोकळ्या जागी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. आणि सेतूवर गाडी थांबवायला मनाई आहे, तिथे हे प्रयोग नकोत. आधी फोनचा चार्जर आणि डॅशकॅमची वायर उपटा. स्वस्तातले चार्जर रेडिओचे मोठे वैरी आहेत, आणि कित्येकदा गोष्ट इथेच संपते. मग इंजिन बंद ठेवून नुसता रेडिओ लावा. खरखर तेव्हाही असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. इंजिन सुरू केल्यावर शीळ आली आणि दिवे, पंखा लावल्यावर वाढली, तर संशय अल्टरनेटर आणि अर्थवर. फक्त वायपर किंवा सिग्नल लावल्यावर आवाज येत असेल तर त्याच्याच जोडण्या तपासायच्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ती काढून टाकणं हे आपलंच काम समजा. इंजिन बंद करून आधी हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, लोंबतं मंगळसूत्र पदराआड खोचा. बांगडी पान्याबरोबर बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये आली तर क्षणात तापून लाल होते. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या. वजा खुणेची तार आधी सोडायची आणि जोडताना सर्वांत शेवटी. (काही सेट बॅटरी सोडली की कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.) पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा, जोड घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा. खाऱ्या वाऱ्याला त्याचा चांगला अटकाव होतो.

शीळ आहे आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही मिणमिणतोय, तर मात्र सोडा-व्हॅसलीनवर थांबू नका. अल्टरनेटरचा डायोड गेला असला तर रेडिओ तुम्हाला आधीच खबर देत असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. नव्या धाटणीच्या काही गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर होतो, म्हणून माहीतगाराकडूनच तपासून घ्या. रात्री जेएनपीटीच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते उरणकरणींना सांगायला नको.

शिळेऐवजी टकटक ऐकू येत असेल, इंजिनाबरोबर वेग घेणारी, आणि गाडी पेट्रोलची असेल, तर प्लग आणि त्यांच्या वायरी पाहायच्या. रेडिओला त्रास होऊ नये म्हणून प्लगमध्ये रेझिस्टर घातलेला असतो. सर्व्हिसिंगमध्ये कुणी तो नसलेला प्लग लावला की टकटक सुरू! डिझेल गाडीत ठिणगीचा प्लगच नसतो, तेव्हा तिथे कुणी या नावाखाली बिल लावू लागला तर खुशाल हसा.

आणि खरखर फक्त एफएमवर येत असेल, पेन ड्राइव्हवरची गाणी स्वच्छ असतील, तर वायरिंगला हात लावू देऊ नका. चार्जर काढून झालाच आहे. आता टपावरच्या एरियलचा जोड गंजलाय का ते पाहा. एरियल ठीक असेल तर कदाचित बिघाड गाडीत नाहीच. एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. द्रोणागिरीच्या डोंगराआड, किंवा दोन्ही बाजूंना कंटेनरच्या लोखंडी भिंती असताना, मुंबईचं स्टेशन फरफरणारच. चार पावलं पुढे गेलं की पुन्हा लागतं. यावर दुकानात औषध नाही.

औषधावरून आठवलं. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची एक डबी मिळते. तारेत घातली की शीळ बंद होते, हे खरं. पण ती दुखणं झाकते, गंज तिथेच राहतो, आणि हलक्या डबीने ढोलकी-तबल्याचा भारदस्तपणाही जातो. अर्थ साफ करून झाल्यावरही शीळ राहिली, तरच ती घ्यावी.

नवा ॲम्प्लिफायर बसवून घेणार असाल तर काम चालू असताना जवळ उभ्या राहा. वीजपुरवठ्याची तार गाडीच्या एका बाजूने आणि गाण्याची तार दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे. अर्थची तार पुरवठ्याच्या तारेइतकीच जाड आणि हातभराहून आखूड हवी, आणि ती सीटबेल्टच्या बोल्टला तर मुळीच लावू देऊ नका. बॅटरीवरून निघणाऱ्या तारेला बॅटरीपासून वीतभर-दोन वितींच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो नसला आणि तार कुठे पत्र्याला घासली, तर गाडीला आग लागू शकते. बॉनेट उघडायला सांगून तो फ्यूज डोळ्यांनी पाहा, मगच पैसे द्या.