‘कांदा भाव’ नेमकं कोण विचारतंय?

‘आजचा कांदा भाव’ हे तीन शब्द मोबाइलवर शोधणारी माणसं निरनिराळी असतात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला चाळीतला उन्हाळ कांदा आज लासलगावच्या बाजारात न्यायचा की अजून पंधरा दिवस थांबायचं, हे ठरवायचं असतं. त्याला क्विंटलचा दर हवा असतो, आणि तोही कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असा तिन्ही प्रकारचा, कारण आपला माल कोणत्या प्रतीत बसेल हे त्याला ठाऊक असतं. मुंबईत घर चालवणाऱ्या बाईला किलोचा भाव पुरतो. निर्यातदाराचं लक्ष दरापेक्षा निर्यातीवर शुल्क आहे का याकडे जास्त असतं. शब्द तेच, पण प्रत्येकाची अडचण वेगळी. तरीही संकेतस्थळं चालवणारे बहुतेकजण फक्त कोणता शब्द किती वेळा शोधला गेला ते बघतात आणि त्यावरून लेख पाडतात. मग अशा पानावर कांद्याचा इतिहास आणि आरोग्यदायी गुण सापडतात. भाव मात्र तळाशी, आणि बऱ्याचदा कालचा.

शोधामागचा हेतू ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने 2002 साली शोधांचे तीन प्रकार मांडले: माहितीसाठी केलेले, ठरावीक संकेतस्थळावर पोचण्यासाठी केलेले आणि काही काम उरकण्यासाठी केलेले. ही विभागणी उपयोगी आहे, पण नाशिकमध्ये ती लवकरच अपुरी पडते. शेतकऱ्याने बघितलेला भाव दिसायला माहिती आहे, प्रत्यक्षात तो विक्रीचा निर्णय आहे. नुसतं ‘त्र्यंबकेश्वर’ शोधणारा ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणारा असेल, नारायण नागबळीच्या विधीसाठी तीन दिवस मुक्काम करणारा असेल किंवा पावसाळ्यात ब्रह्मगिरी चढायला निघालेला असेल. पहिल्याला रांगेची वेळ सांगावी लागते, दुसऱ्याला राहण्याची सोय, तिसऱ्याला वाट किती निसरडी आहे ते. कोण कोण आहे हे त्या एका शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं. ते कळतं सोबतच्या शब्दांवरून, लिपीवरून आणि मुख्यतः हंगामावरून. मार्च ते मे या काढणीच्या दिवसांत भाव विचारणारा आणि सप्टेंबरात विचारणारा शेतकरी एकच असला, तरी त्याचा प्रश्न एक नसतो. उन्हाळ्यात कांदा साठवावा की विकावा हा प्रश्न असतो. सप्टेंबरात चाळीत माल सडतोय आणि नवा लाल कांदा उंबरठ्यावर आहे, ही धास्ती.

यावर आकडेवाल्यांचा आक्षेप असा, की शोध पुरेसे मोठ्या संख्येने गोळा केले की माणूस आपोआप दिसतो. गूगलने हाच भरवसा धरून 2008 साली ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं. लोक काय शोधतात यावरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधायचा होता. 2012-13च्या हिवाळ्यात अमेरिकेतला हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच फुगला आणि 2015 साली असे अंदाज जाहीर करणं थांबलं. साथीच्या बातम्या वाचून निरोगी माणसंही लक्षणं शोधत होती, हे अंदाज फुगण्याचं एक सांगितलं गेलेलं कारण. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हाचा शोधांचा आलेख वाचतानाही हीच सावधगिरी हवी. असा निर्णय झाला की ज्याच्याकडे एक गुंठाही नाही तोही कांदा शोधतो. शिवाय ‘गूगल ट्रेंड्स’वरचा 100 हा आकडा शोधांची संख्या नव्हेच, निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचं एकूण शोधांतलं प्रमाण जिथे सर्वाधिक होतं, त्या टोकाला दिलेला तो मान आहे. त्यावरून ‘शंभर टक्के मागणी’ असा अर्थ काढणारे सल्लागार आहेत, हे मात्र गमतीचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मग प्रत्येक माणसाचा मागच काढा, म्हणजे अंदाजाचं कामच उरणार नाही. ते जमतं, आणि म्हणूनच घातक आहे. 2006 साली एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक घालून खुले केले, आणि पत्रकारांनी निव्वळ त्या शब्दांवरून एका वृद्ध महिलेचं घर गाठलं. ग्राहक समजून घ्यायला इतक्या खोल पाळतीची गरजही नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या आवारात ट्रॅक्टर उभा करून लिलावाची वाट पाहणाऱ्यांना विचारलं, तर भाव कुठे बघता, त्यावर विश्वास का ठेवत नाही, याची उत्तरं तिथेच मिळतात. मुख्य म्हणजे तिथे तीही माणसं भेटतात जी शोधपट्टीत काहीच लिहीत नाहीत. त्यांचा भाव व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो किंवा आडत्याला फोन करून कळतो. कुठल्याही शब्दाच्या आलेखात त्यांची मोजदाद होत नाही, आणि कांदा तर तेही विकतात.