अपघाताचा दावा आणि कागदपत्रांची शहानिशा

ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोटारसायकली आज खेडोपाडी पोहोचल्या आहेत. अशा वाहनाने अपघात होऊन कोणी जखमी वा मृत झाले, की पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे समन्स वाहनमालकाच्या दारी येते. "विमा उतरविला आहे, कंपनी काय ते पाहील," असे म्हणून काही मालक ते कोनाड्यात ठेवून देतात. हा समज निम्माच खरा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये तिऱ्हाईत व्यक्तीला होणाऱ्या हानीचा विमा प्रत्येक वाहनासाठी सक्तीचा आहे. त्यामुळे दाव्यात विमेदाराच्या बरोबरीने विमा कंपनीही प्रतिवादी असते. कंपनी आपला वकील नेमते आणि दाव्यातील प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, उत्पन्नाचे व वारसाचे दाखले मूळ दप्तराशी ताडून पाहते. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावयाचा असतो. त्याच्या प्रती कंपनीस मिळत असल्याने ही पडताळणी लवकर सुरू होऊ शकते. खोटा दावा उघडकीस आला, तर त्याचा लाभ विमेदारासही होतो.

परंतु ही शहानिशा दुधारी आहे. कंपनी विमेदाराचेही कागद तपासते. चालकाचा परवाना बनावट वा मुदतबाह्य आढळल्यास, जखमीस भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण कंपनीस देऊ शकते. मात्र मालकाने जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने शर्तीचा भंग केला, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले. चालक नेमताना आपण परवाना पाहिला होता, हे सांगण्यास मालक न्यायाधिकरणापुढे हजर असलाच पाहिजे. गैरहजर मालकाविरुद्ध दावा एकतर्फी चालतो.

म्हणून अपघात होताच पोलिसांबरोबर विमा कंपनीसही लेखी खबर द्यावी. समन्स आल्यावर त्याची प्रत, विमापत्र, नोंदणी पुस्तिका व चालकाचा परवाना कंपनीकडे पाठवून पोच घ्यावी आणि आपली लेखी कैफियत मुदतीत दाखल करावी.

या कामी शिक्षक व ग्रामपंचायत यांचाही वाटा मोठा आहे. भरपाईचा हिशेब वयावर अवलंबून असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयानुसार मृताचे वय २६ ते ३० असल्यास वार्षिक हानीस १७ ने, तर ३१ ते ३५ असल्यास १६ ने गुणले जाते. वयाच्या नोंदीत एका वर्षाची चूक झाली, तर निराधार कुटुंबाची वर्षभराची भाकर जाऊ शकते. वय ठरविताना आधार पत्रापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा, असे त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. पडताळणीसाठी कोणी आले, तर मूळ नोंदवहीवरून अचूक माहिती विनाविलंब देणे, हे पीडित आणि विमेदार या दोघांच्याही हिताचे आहे.

कागद खरा असेल, तर शहानिशेची भीती नाही. आणि तो वेळेवर पोहोचला, तरच न्यायास त्याचा उपयोग आहे.