नोकरीतला अपमान आणि स्वतःचा व्यवसाय

कचेरीत चारचौघांत पाणउतारा होतो, साहेबांच्या मर्जीतला माणूस पुढे सरकतो, तेव्हा आम्हा नोकरदारांच्या मनात राजीनाम्याचा विचार येतो. अशा वेळी बाबासाहेबांची १९१७ ते १९२३ ही वर्षे आपण डोळ्यांसमोर आणावीत.

१९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. त्यांनी ती नोकरी सोडली. मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाईक फिरकेना. म्हणजे धंद्यातही जात आडवी आलीच! १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पण या खेपेस त्यांनी पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत मिळाली. १९२० मध्ये लंडनला जाऊन त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १९२३ मध्ये मुंबईत स्वतंत्र वकिली सुरू केली.

नोकरी सोडणे म्हणजे पळ काढणे नव्हे. मात्र ती रागाच्या भरात सोडू नये. तोवर तक्रार लेखी द्यावी, तारखेसह पोच घ्यावी. गोपनीय अहवालातील शेरे सरकारी कर्मचाऱ्यास कळवलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. सरकारी बँकांत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो. तेथे दाद लागली नाही, तर संविधानाच्या कलम ३३८ खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे.

आणि गुलमंडीत दुकान थाटायचेच असेल, तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून, चार गिऱ्हाइके जोडूनच राजीनामा द्यावा. अपमान मुकाट्याने सोसू नये, तशी तयारीवाचून उडीही घेऊ नये.