विश्लेषण : द्राक्षे नाशिकची, दवणा घरचा, मग ड्राय व्हर्मूथ परकी का?

मुलुंडच्या कोणत्याही औषध दुकानात द्राक्षासवाची बाटली मागितली तर ती लगेच पुढ्यात येते. त्याच रस्त्यावरच्या वाइन शॉपमध्ये ‘ड्राय व्हर्मूथ’ मागितली तर मात्र मिळेलच असे नाही; मिळाली तर बहुधा इटली किंवा फ्रान्सची आणि महाग. वास्तविक या दोन्ही बाटल्यांचे कूळ फार लांबचे नाही. द्राक्षे आणि वनस्पती यांच्या मिलाफातूनच दोन्ही तयार होतात. ‘क्राफ्ट’ म्हणजे छोट्या प्रमाणावर, निगुतीने बनवलेल्या मद्यांची चर्चा वाढत असताना ड्राय व्हर्मूथ म्हणजे नेमके काय, ती कशी घ्यावी आणि महाराष्ट्रात ती का बनू शकते, याचा हा वेध.

ड्राय व्हर्मूथ म्हणजे काय?

व्हर्मूथ ही मुळात वाइनच. त्यात वनस्पतींचा अर्क मुरवला जातो आणि थोडे स्पिरिट मिसळून तिची तीव्रता वाढवली जाते. नाव आले ते ‘वेरमुट’ या जर्मन शब्दावरून. हा शब्द आर्टेमिसिया कुळातील एका कडू वनस्पतीचा. युरोपीय महासंघाच्या २०१४च्या नियमांनुसार व्हर्मूथमध्ये किमान ७५ टक्के वाइन असावी लागते आणि आर्टेमिसियाची चव असावीच लागते. ‘ड्राय’ म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे ३० ग्रॅमपेक्षा कमी. तुलनेसाठी, कोलासारख्या शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. ड्राय व्हर्मूथमध्ये मद्यार्क किमान १६ टक्के असतो. बाजारातल्या बहुतेक बाटल्या १८ टक्क्यांच्या आसपास असतात.

तिचा उगम कुठला?

वनस्पती घातलेली वाइन औषध म्हणून घेण्याची प्रथा प्राचीन आहे. आधुनिक व्हर्मूथचे श्रेय मात्र इटलीतील तुरिनच्या अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांना दिले जाते. त्यांनी १७८६ मध्ये गोडसर व्हर्मूथ विक्रीस आणली. फिकट रंगाची, कमी गोड अशी ड्राय शैली फ्रान्सची. जोसेफ नॉयी यांनी १८१३ मध्ये तिची कृती तयार केली. ‘नॉयी प्रा’ची वाइन आजही मार्सेयां या गावी लाकडी पिंपांत भरून वर्षभर उघड्यावर, उन्हापावसात ठेवली जाते. तिची किंचित खारट, सुक्या मेव्यासारखी चव त्यातूनच येते.

द्राक्षासव आणि व्हर्मूथ यांत फरक काय?

द्राक्षासवात मनुका, गूळ किंवा साखर, वेलची, दालचिनी, लवंग असे घटक धायटीच्या फुलांसह आंबवले जातात. त्यातील मद्यार्क आंबण्याच्या क्रियेतून आपोआप तयार होतो. तो साधारण ५ ते १० टक्के असतो. व्हर्मूथमध्ये आधी वाइन तयार होते, नंतर वनस्पती मुरवल्या जातात आणि स्पिरिट वरून घातले जाते. पहिले औषध आहे, मात्रेत घ्यायचे. दुसरे जेवणाआधी भूक चाळवण्यासाठीचे पेय. एकाची जागा दुसऱ्याने घेऊ नये. पण कडू, तिखट, सुगंधी वनस्पती द्राक्षरसात मुरवायची कल्पना आपल्याकडे नवी नाही, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रात ती बनू शकते का?

कच्चा माल पाहिला तर अडचण नाही. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यापुढे नाशिकचा महामार्ग धरला की तीन-चार तासांत देशातील सर्वात मोठा वाइन पट्टा लागतो. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सुला’ने सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षांपासून सुरुवात केली. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावात शामराव चौगुले यांनी फेसाळ वाइनचा प्रयोग केला होता. ड्राय व्हर्मूथला हलकी, आंबटसर, फार सुगंध नसलेली पांढरी वाइनच लागते.

राहिला प्रश्न आर्टेमिसियाचा. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा हाच आर्टेमिसिया कुळातला. त्याचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. युरोपातील भावंडाइतका तो कडू नाही. त्याचा गंध गोडसर, पिकल्या फळासारखा. त्याचे तेल अत्तर उद्योगात वापरले जाते. युरोपीय व्याख्येत ‘आर्टेमिसिया प्रजाती’ एवढाच उल्लेख आहे, एका विशिष्ट वनस्पतीचा आग्रह नाही. म्हणजे दवणा, वाळा, लिंबाची साल, वेलची घातलेली नाशिकची पांढरी वाइन कल्पनेत तरी व्हर्मूथच्या चौकटीत बसते. कडूपणासाठी काडेचिराईतासारखी वनस्पती हाताशी आहेच.

मग अडते कुठे?

पहिला अडसर बाजाराचा. व्हर्मूथ एकटी पिण्याची सवय इथे नाही. ती बारमध्ये मार्टिनीपुरती चमचाभर लागते. त्यामुळे खप कमी, आणि खप कमी म्हणून उत्पादनात रस कमी. दुसरा अडसर कराचा. आयात वाइन आणि व्हर्मूथवर सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून सर्वसाधारण दर १५० टक्क्यांचा राहिला आहे. हजार रुपयांच्या बाटलीवर दीड हजार रुपये शुल्क; राज्याचे कर आणि दुकानदाराचा नफा त्यापुढे. ग्राहक ती घेऊन पाहायलाच कचरतो. मात्र हीच भिंत स्थानिक उत्पादकाला संधीही देते. व्यापार करारांमुळे काही देशांच्या वाइनवरील शुल्क उतरू लागले आहे, त्यामुळे ही संधी कायमची नाही.

तिसरा अडसर धोरणाचा. राज्याने २००१ पासून द्राक्ष वाइनला उत्तेजन दिले. तरीही १०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळाचा निर्णय विरोधामुळे अमलात येऊ शकला नाही. द्राक्ष बागायतदाराचे उत्पन्न आणि घराघरातील दारूची धास्ती, या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. नवे पेय आणणाऱ्या छोट्या उत्पादकाला या ताणातूनच वाट काढावी लागते. मधापासून ‘मीड’ बनवणाऱ्या पुण्याच्या ‘मूनशाइन’ने अशी वाट काढता येते हे दाखवले आहे.

घरी बनवता येईल का?

नाही. मद्यनिर्मितीला परवाना लागतो आणि प्रश्न केवळ कायद्याचा नाही. युरोपीय आर्टेमिसियात थुजोन हे द्रव्य असते. जास्त प्रमाणात ते मज्जासंस्थेला घातक ठरते. काष्ठौषधी अंदाजाने मुरवणे हा खेळ नव्हे.

विकत घेताना काय पाहावे?

‘क्राफ्ट’ या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही, त्यामुळे लेबल वाचणे महत्त्वाचे. कोणती द्राक्षे, मद्यार्क किती, ‘ड्राय’ की ‘एक्स्ट्रा ड्राय’, बाटली कधी भरली, हे तपासावे. दुकानात उन्हात उभी असलेली, धूळ बसलेली बाटली घेऊ नये. मिळाल्यास लहान बाटली निवडावी. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवाना आवश्यक असून तो एक दिवस, एक वर्ष किंवा आजीवन असा मिळतो. वयाची अट वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. व्हर्मूथची तीव्रता पाहता २५ धरून चालणे उत्तम.

ती घ्यावी कशी?

सर्वात मोठी चूक साठवणुकीत होते. झाकण उघडलेली बाटली व्हिस्कीशेजारी शोकेसमध्ये वर्षानुवर्षे उभी राहते आणि मग ‘व्हर्मूथ बेचवच असते’ असा समज होतो. ही वाइन आहे, हवेने ती उतरते. मुंबईच्या उकाड्यात तर लवकरच. उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवावी आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. उरली तर वाया घालवू नये. माशाच्या किंवा मशरूमच्या पदार्थात पांढऱ्या वाइनऐवजी ती छान लागते.

पहिली ओळख सोडा न घालता करून घ्यावी. थंड बाटलीतून ६० मिलिलिटर, बर्फाचे दोन खडे आणि लिंबाच्या सालीची एक चकती. साल पेल्यावर पिळली की तिचे तेल वर तरंगते आणि वनस्पतींचा गंध खुलतो. उन्हाळ्यात तेवढ्यातच ९० मिलिलिटर सोडा घालावा. मार्टिनी करायची तर जिन आणि व्हर्मूथ समप्रमाणात घेऊन बर्फात ढवळून पाहावी. व्हर्मूथची चव त्यात हरवत नाही.

सोबत खारट, कुरकुरीत काहीतरी हवे. रव्यात तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी, खारे काजू, मुलुंडमध्ये घरोघरी असणारा साधा खाकरा, हे सगळे चालते. झणझणीत रस्सा किंवा गोड पदार्थ नको. दोन्हींपुढे तिची चव टिकत नाही.

किती घ्यावी?

१८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटर व्हर्मूथमध्ये सुमारे ११ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १३. म्हणजे ‘हलकी वाइन’ समजून पेला भरला तर हिशेब चुकतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गर्भवती, यकृताचे विकार असलेले आणि नियमित औषधे घेणारे यांनी ती टाळावी. पेला हातात घेतला असेल तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. व्हर्मूथ जेवणाआधीची आहे. एका पेल्यानंतर ताट वाढून घेणे, हीच तिची मूळ रीत.