नदी नसलेल्या शहराचा पूर

पूर म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम नदी उभी राहते. कोल्हापूरची पंचगंगा, सांगलीची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी, मुंबईची मिठी. किनारपट्टीवर वाढलेल्यांना मात्र आणखी एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. पूर केवळ पाऊस किती पडला यावर ठरत नाही. पडलेल्या पाण्याला पुढे वाट मोकळी आहे की नाही, यावरही तो ठरतो. खाडीला उधाण आले असेल तर नदीचे पाणी मुखाशी अडते आणि गावात पसरते.

गुरुग्राम समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. शहरातून बारमाही नदी वाहत नाही. मुंबई-कोकणाच्या मानाने येथील पाऊस फारच थोडा. तरीही गेल्या दशकात हे शहर वारंवार जलमय झाले. बदलीच्या निमित्ताने येथे राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कर्मचाऱ्यांना प्रारंभी याचे नवल वाटते. किंचित खोलात शिरले की लक्षात येते, हे कोडे आपल्या खाडीकाठच्या माणसाला सुटण्यासारखेच आहे.

पाण्याचा जुना नकाशा

गुरुग्रामच्या आग्नेयेस अरवलीच्या टेकड्या आहेत आणि वायव्येस दिल्लीच्या सीमेलगत नजफगढचा सखल प्रदेश. टेकड्यांवरचे पाणी ओढ्यानाल्यांनी उताराने वाहत या सखल भागात येई. राजस्थानातील अरवलीत उगम पावणारी साहिबी ही पावसाळी नदीही येथेच पसरत असे. या साऱ्या पाण्याचे मिळून नजफगढचे विस्तीर्ण सरोवर होई. जादा पाणी नजफगढ नाल्यावाटे दिल्लीला वळसा घालून वझीराबादजवळ यमुनेस मिळे. थोडक्यात, शहराला नदी नसली तरी पाण्याची शिस्तबद्ध व्यवस्था होती. टेकडीपाशी वेग मोडणारे मातीचे बांध, मध्ये घाट्यासारखे तलाव, शेवटी विसाव्याला सरोवर आणि पुढे यमुना.

१९७७ साली साहिबीला मोठा पूर आला आणि नजफगढ परिसर पाण्याखाली गेला. त्यानंतर रेवाडीजवळ मसानी येथे बंधारा बांधण्यात आला व नजफगढ नाला रुंद करण्यात आला. साहिबीचे पाणी आटले, सरोवर आक्रसले, आणि जमीन कोरडी दिसू लागली. याच काळात गुरुग्रामचा झपाट्याने विस्तार सुरू झाला. खाजगी वसाहती आधी उभ्या राहिल्या. महानगरपालिका त्यानंतर, २००८ साली आली. घाट्याचा तलाव शहराच्या वाढीत जवळजवळ लुप्त झाला. मातीचे बांध फुटले, काहींवरून रस्ते गेले. जमिनीचा उतार तेवढा जेथे होता तेथेच राहिला.

घसा अरुंद, तोंड बंद

घाट्यापासून नजफगढ नाल्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटर वाहणारा बादशाहपूर नाला ही शहराच्या निचऱ्याची मुख्य वाहिनी. खांडसा गावापाशी वस्तीमुळे तिचा घसाच आवळला गेला होता. २८ जुलै २०१६ रोजी पाऊस झाला तेव्हा नाल्याचे पाणी हिरो होंडा चौकात आणि दिल्ली-जयपूर महामार्गावर आले. सायंकाळी अडकलेल्या वाहनांची कोंडी दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटली नाही. शाळांना सुटी द्यावी लागली, चौकाच्या परिसरात जमावबंदीचा आदेश निघाला. एप्रिलमध्ये नामांतराची घोषणा होऊन ‘गुरुग्राम’ झालेल्या शहराला जुलैत वृत्तपत्रांनी ‘गुरुजाम’ म्हटले.

ही झाली घशाची गोष्ट. तोंडाची गोष्ट त्याहून कठीण आहे. बादशाहपूर नाला जेथे रिकामा होतो तो नजफगढ नाला आणि तो जेथे रिकामा होतो ती यमुना. जुलै २०२३ मध्ये पश्चिमी विक्षोभ आणि मोसमी वारे एकत्र येऊन हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी झाली. हथिनीकुंड बंधाऱ्यातून साडेतीन लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले. १३ जुलै रोजी दिल्लीच्या जुन्या लोहपुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली. १९७८ मधील २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला गेला. नदी एवढी फुगली की तिला मिळणाऱ्या नाल्यांतून पाणी बाहेर पडण्याऐवजी उलटे आत शिरू लागते.

कोकणातील वाचकांना येथे ओळखीची खूण पटेल. खाडीच्या मुखाशी भरती जे काम करते तेच काम येथे यमुना करते. भरतीचे वेळापत्रक चंद्र ठरवतो, यमुनेचे हिमाचलातील पाऊस. फरक एवढाच की समुद्राची भरती सहा तासांत ओसरू लागते, यमुनेची ओसरण्यास काही दिवस लागतात. तोवर सखल भागाने थांबून राहायचे. नजफगढ नाल्याकाठच्या धर्मपूर, खेडकी माजरा यांसारख्या गावांतील शेतजमिनीत पाणी दीर्घकाळ साचून राहते. हे पाणी केवळ पावसाचे नसते, त्यात शहराचे सांडपाणीही मिसळलेले असते. तेथे पेरणीचा हंगाम हातचा जातो. महामार्गावरील कोंडीची छायाचित्रे छापून येतात, या शेतांची क्वचितच.

मिठीने दिलेला धडा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. विहार आणि पवई तलावांचे पाणी माहीमच्या खाडीपर्यंत नेणारी मिठी भराव, बांधकामे आणि विमानतळापाशी दिलेल्या वळणांनी अरुंद झालेली होती. घसा अरुंद आणि तोंड बंद, असा दुहेरी पेच पडला. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मिठी विकास प्राधिकरण स्थापन झाले, भरतीच्या वेळीही पाणी समुद्रात लोटणारी उदंचन केंद्रे उभी राहिली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्येही वाशिष्ठीच्या पुराला खाडीच्या भरतीची जोड मिळालीच होती.

यावरचे जुने शहाणपण कोकण-गोव्याच्या खाजण शेतीत आहे. खाडीच्या बांधात लाकडी झडप बसवलेली असे. गोव्यात तिला ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या पाण्याने ती आपोआप मिटते आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर सोडते. झडप मिटलेली असताना आतले पाणी जाणार कोठे, याचा विचारही पूर्वजांनी केला होता. बांधाच्या आत सखल जागा पाण्यासाठीच राखून ठेवली जाई. तेथे कोणी घर बांधत नसे. नजफगढचे सरोवर ही गुरुग्रामची अशीच राखीव जागा होती.

ऋतूंचे बिघडलेले वेळापत्रक

या साऱ्यात हवामानाने आता नवी भर घातली आहे. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्याच महिन्यात दिल्लीने आजवरचा सर्वाधिक पावसाचा मे महिना अनुभवला. त्याआधी २८ जून २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी गुरुग्राममध्ये काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयांना घरून काम करण्याची सूचना देण्यात आली.

हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात धो धो पडतो. पूर्वी नालेसफाई मेअखेरीस उरकली तरी चालत असे. पाऊसच मे महिन्यात आला तर गाळ नाल्यात आणि निविदा फायलीत राहते.

ग्राहकांनी काय पाहावे?

बँकेच्या ग्राहकाचा या सर्वांशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. पाणी शिरते ते त्याच घरात आणि हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात.

घर किंवा दुकान घेताना दस्तऐवज पाहतो तसाच जमिनीचा उतारही पाहावा. जुना नाला कोठून जात होता, हे शेजारच्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे. तळघरातील जागा स्वस्त का मिळते, याचा विचार करावा.

गृहकर्जासोबत घेतलेला जीवन विमा म्हणजे घराचा विमा नव्हे. पहिला कर्जदाराच्या मृत्यूनंतर उपयोगी पडतो. पुराने खचलेली भिंत त्यातून उभी राहत नाही. विमा नियामकाच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुरामुळे होणाऱ्या हानीचा समावेश आहे. इमारतीबरोबर घरातील सामानालाही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे.

पाण्यात बुडालेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. त्यामुळे इंजिनाची जी हानी होते ती सर्वसाधारण पॉलिसीत बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते.

लॉकरविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेले निर्देश स्पष्ट आहेत. चोरी, आग वा कर्मचाऱ्यांच्या फसवणुकीमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तींत ते नसते. मात्र लॉकरच्या जागेची योग्य काळजी घेणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. म्हणून मूळ कागदपत्रे जलरोधक पाकिटात ठेवावीत आणि त्यांच्या प्रती अन्यत्र जपाव्यात. शाखेतील सहकाऱ्यांनीही लॉकरची खोली, बॅटऱ्या आणि जुन्या नोंदी जमिनीच्या पातळीपासून किती उंचीवर आहेत, हे मे महिना उजाडण्यापूर्वीच तपासावे.

गुरुग्राममध्ये आशेच्या खुणाही आहेत. चक्करपूरचा जुना बांध नागरिकांच्या पुढाकाराने पुन्हा हिरवा झाला आहे. जुन्या खाणींच्या जागी २०१० साली अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले. सुलतानपूरच्या पाणथळ जागेला २०२१ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुरणारा प्रत्येक थेंब नाल्यावरचा भार तेवढा हलका करतो.

हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. पाण्याचेही तसेच आहे. आकाशातून जमा होणाऱ्या रकमेवर आपला ताबा नाही. जमिनीत मुरण्याची, तळ्यात थांबण्याची आणि नदीत जाण्याची वाट राखणे मात्र आपल्या हाती आहे. ती वाट आपण बुजवली, तर उरलेली बाकी पाणी आपल्या उंबरठ्यावरच वसूल करणार, मग शहर खाडीकाठी असो वा अरवलीच्या पायथ्याशी.