मालगुजार ते विश्वस्त : जमनालाल बजाज

मालगुजार : मध्य प्रांतात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनमालक. मालगुजारी 1951 मध्ये संपली.

जन्म : 4 नोव्हेंबर 1889, काशी का बास (सीकर, राजस्थान). वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले.

पदवी : इंग्रज सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी असहकार चळवळीत परत केली. 1923 मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास.

मंदिर : वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर घराण्याचे स्वतःचे. 1928 मध्ये ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. स्वतःच्याच समाजाचा रोष पत्करून उचललेले हे पाऊल विशेष मोलाचे.

दोन जागा, गल्लत नको : मगनवाडी वर्धा शहरात. ही बाग 1934 मध्ये ग्रामोद्योग संघाला दिली. सेवाग्राम शहराबाहेर काही किलोमीटरवर, पूर्वीचे सेगाव. तिथली मालगुजारी जमनालालजींकडे होती. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला गेले. पहिल्या घराला, म्हणजे आदी निवासाला, त्यांची अट होती : सामान गावातलेच, खर्च शंभर रुपयांच्या आत. माती, बांबू, कवेलू यांवर काम भागले.

निधन : 11 फेब्रुवारी 1942, वर्धा.

पुढची पिढी
- पत्नी जानकीदेवी : गोसेवा व भूदानात सहभाग, 1956 मध्ये पद्मविभूषण.
- पुत्र कमलनयन व रामकृष्ण : उद्योगाचा विस्तार.
- कन्या मदालसा : गुजरातचे राज्यपाल झालेले श्रीमन्नारायण यांच्या पत्नी.
- नातू राहुल बजाज (1938–2022) : बजाज ऑटोचे दीर्घकाळ प्रमुख.