कोचला काढलं, पण करार कुठे संपला?

पीएच.डी.चा विषय काय, असं घरी कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. गेल्या पावसाळ्यात जोह्याला आमच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम चालू होतं. नानांनी हातातला ब्रश न थांबवता विचारलं, "फुटबॉलच्या कोचला काढलं की त्याला पैसे द्यायचे? हरला तर घरी जाईल. त्यात तीन वर्षं अभ्यास कसला?"

मी उलट विचारलं, "डोळ्यांच्या आखणीला कारागीर आणला, चतुर्थीपर्यंत ठेवतो म्हणून शब्द दिला, आणि आषाढातच परत पाठवला. त्याला किती द्याल?"

"झालेल्या दिवसांचे. वर भाडं."

"आणि त्याने तुमच्या शब्दावर दुसऱ्या कारखान्याचं काम सोडलं असेल तर?"

नाना गप्प बसले. संशोधनाचा प्रश्न तिथेच सुरू होतो, म्हणून हे सांगितलं.

झालेल्या दिवसांचा पगार हे देणं वेगळं आणि मुदतीआधी करार मोडल्याची भरपाई वेगळी. पहिल्याबद्दल फारसा वाद नसतो. दुसऱ्याबद्दल इगोर स्टिमाच यांचं प्रकरण नीट बघा. २०१९ पासून ते भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची मुदत २०२६ पर्यंत वाढवली. पुढे मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हार, ११ जूनला दोह्यात कतारकडून १-२ अशी हार (कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झाला होता, तो राग अजून गेलेला नाही), आणि विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी हुकली. १७ जूनला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना काढलं. महासंघ तीन महिन्यांचा पगार द्यायला तयार होता. स्टिमाच उरलेल्या मुदतीचा मागत होते आणि फिफाकडे जाण्याचा इशारा देत होते. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली ती ४ लाख डॉलरवर, म्हणजे साधारण ३ कोटी ३६ लाख रुपयांवर.

महासंघ इतका अडकला कशामुळे? हरणं म्हणजे करारभंग नव्हे, म्हणून. प्रशिक्षक कौशल्य आणि मेहनत देण्याचं वचन देतो, निकालाचं नाही. निकाल खराब लागला एवढंच कारण फिफाचं न्यायाधिकरण 'न्याय्य कारण' म्हणून मानत नाही. आणि निकाल चांगले असूनही काढतात बरं का! ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने सर्जिओ लोबेरांना दूर केलं, तेव्हा संघ गुणतालिकेत अव्वल होता.

आता रकमेचं गणित. फिफाच्या खेळाडू दर्जा व हस्तांतर नियमावलीला प्रशिक्षकांसाठी एक परिशिष्ट आहे, २०२१ पासून लागू. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर नियम असा: उरलेल्या मुदतीचा पगार ही भरपाई, आणि त्याच काळात नवी नोकरी मिळाली तर तिथला पगार त्यातून वजा. समजा महिना ५ लाख, करार १८ महिन्यांचा, आठव्या महिन्याअखेर काढलं. उरले १० महिने, म्हणजे ५० लाख. चार महिने घरी बसून मग ३ लाखांवर दुसरा क्लब मिळाला, तर ६ महिन्यांचे १८ लाख वजा. देणं राहिलं ३२ लाख.

आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही हा विचार आहे. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान मोजताना ते कमी करायचे कोणते मार्ग उपलब्ध होते, तेही बघायचं. म्हणजे घरी बसून पूर्ण पगार मागता येत नाही. 'मला पुन्हा कोच करा' असा हुकूमही कोर्टाकडून मिळत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. उरतो तो पैसा.

'वेगळं काही ठरलं नसेल तर' हे शब्द मात्र पुन्हा वाचा. केविन कीगन यांनी २००८ मध्ये न्यूकॅसल युनायटेड सोडलं. खेळाडू घेण्यात अंतिम शब्द त्यांचा असताना त्यांच्या मनाविरुद्ध एक खेळाडू घेतला गेला. राजीनामा त्यांचा होता, तरी लवादाने ती क्लबने लादलेली बडतर्फी मानली. कीगन जिंकले. पण करारात भरपाईची रक्कम २० लाख पौंड लिहिलेली होती. मागणी कितीतरी मोठी होती. मिळाले तेवढेच २० लाख. आपल्याकडे कलम ७४ खाली अशी लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा धरतात आणि तिच्या आत वाजवी ते देतात. स्टिमाच यांच्या वेळी महासंघाला सोयीचं मुदतपूर्व समाप्तीचं कलम करारात नव्हतं, अशी तक्रार खुद्द महासंघाच्या अध्यक्षांनी केली होती. खरी रक्कम ठरते ती सही करताना, हार-तुरे चालू असताना. काढण्याच्या दिवशी फक्त बिल येतं.

इथवरचं कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडेल. मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. फिफाचं दार उघडतं ते आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या वादासाठी, म्हणजे प्रशिक्षक परदेशी असेल तर. निकालानंतर क्लबने ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते, त्यामुळे पैसे निघतात. त्याच क्लबने त्याच दिवशी मडगावचा किंवा कोल्हापूरचा सहप्रशिक्षक काढला, तर त्याच्यासाठी देशातली यंत्रणा: महासंघाची समिती, करारात असेल तर लवाद, नाहीतर दिवाणी कोर्ट. करार शब्दशः सारखा असला तरी वसुलीची ताकद सारखी नाही. माझा प्रबंध या फरकावर आहे.

तुम्हाला असा विषय घ्यायचा असेल तर बातम्यांपासून सुरुवात करू नका. बातमीत 'परस्पर संमतीने वेगळे झाले' असं छापतात, आणि त्या चार शब्दांमागे बडतर्फी, तडजोड, राजीनामा काहीही असू शकतं. फुटबॉल न्यायाधिकरणाचे बरेच निर्णय फिफाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातला वस्तुस्थितीचा भाग आधी वाचा आणि तीन तारखा वहीत उतरवा: सही कधी, काढलं कधी, नवी नोकरी कधी. नाना परवा फोनवर विचारत होते, तोंडी शब्द दिला असेल तर तारीख कुठून आणायची. त्यावर एक प्रकरण लिहावं लागणार आहे.